दोन्ही अंगांनी चपटी

आमच्या आष्टीच्या शाळेत मुलींची हॉकी आली ती हॉकीच्या प्रेमापोटी, असा कुणाचा समज असेल तर तो आधीच काढून टाकलेला बरा. कबड्डीत आमच्या पोरी परतूरच्या पुढं कधी गेल्या नाहीत. खो-खोत तर त्या आपापसात भांडूनच बाद व्हायच्या. मग रामकिसन सरांना, म्हणजे आमच्या खेळाच्या सरांना, कुणीतरी कानमंत्र दिला की जिल्ह्यात मुलींच्या हॉकीला संघच नाहीत, अकरा पोरी नुसत्या उभ्या केल्या तरी न खेळता पुढं जाता येतं. सर हाडाचे कबड्डीवाले. हॉकी त्यांनी पाहिली होती ती टीव्हीवर, तीही वीज जाईपर्यंत.

चौऱ्याण्णव साल असेल. संक्रांतीच्या सुमाराला पोत्यात गुंडाळलेल्या हॉकीच्या काठ्या एसटीच्या टपावरून शाळेत आल्या. त्या पोरींना पुरेशा नव्हत्या, म्हणून आम्ही पाळीपाळीनं धरायचो. सरांनी वाचनालयातून एक जुनं पुस्तक आणलं होतं. ते डाव्या हातात उघडं धरून सर उजव्या हातानं आम्हाला शिकवायचे. आधी चेंडू अडवायचा, मग ढकलायचा, मग मारायचा. "डावा हात वर, उजवा हात खाली," सर पुस्तकात बघून ओरडायचे, आणि अर्ध्या पोरी उलट धरायच्या. एकदा ते म्हणाले, "चपट्या बाजूनंच मारायचं. गोल बाजू चेंडूला लावायची नाही." एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. का लावायची नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गोल बाजूनं चेंडू भलतीकडं जातो, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मी त्या सगळ्या पोरींत चांगली होते. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणा हवं तर, पण मी लंगडी नव्हते. आम्ही धनगर. पाळण्यातून उतरल्यापासून माझ्या हातात काठी होती. कळपातलं एखादं मेंढरू फुटायच्या आधीच ते कुठं पळणार हे मला कळायचं, तसंच चेंडूचंही कळायचं. सरांच्या ते दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. पंधरवड्यानं ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिवकन्या, जूनमध्ये जालन्याला निवड आहे. सोळा वर्षांखालच्या मुलींची. ज्या निवडल्या जातील त्यांना औरंगाबादच्या क्रीडा वसतिगृहात ठेवणार. राहणं, जेवण, शाळा, बूट, सगळं सरकारचं. तू जा."

मला बूट आठवत राहिले. सोळावं सरत आलेली मी पोरगी, आणि माझ्या पायाला तोवर बूट लागला नव्हता.

घरी मात्र दुसरंच शिजत होतं. आमच्या घरात शब्द चालायचा तो मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा. आबाराव त्यांचं नाव. शेती, बाजार, सोयरीक सगळं ते बघायचे. माझे वडील रायभान धाकटे, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दिवाळी झाली की दादा आणि माय मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते थेट पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. वर्षातला निम्म्याहून अधिक काळ घराबाहेर काढणाऱ्या माणसाला घरात कोण विचारतं? मोठेबाबांनी माझ्यासाठी अंबडकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. पाणी असलेलं रान होतं, एकुलता एक मुलगा होता. मोठेबाबा वाईट नव्हते. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुली त्यांनी याच वयात उजवल्या होत्या आणि त्या सुखात होत्या, निदान मोठेबाबांना तरी तसं वाटायचं.

होळीला दादा दोन दिवस घरी आले तेव्हा मी जालन्याचं सांगितलं. मोठेबाबा हसले. म्हणाले, "काठी घेऊन पळायला शिकवायला सरकार लागतंय व्हय? आपल्याकडं शेंबडं पोरगंबी पळतंय."

दादा कधी थोरल्या भावापुढं बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. "भाऊ, एक डाव पोरीला जालन्याला जाऊ द्या. घेतली तर जाईल, शिकंल. न्हाई घेतली तर तुमी म्हनसाल तिथं द्या. म्या त्वांड उघडणार न्हाई." आणि देव्हाऱ्यातला बिरोबाचा भंडारा चिमटीत उचलून त्यांनी कपाळाला लावला. आमच्यात भंडारा उचलला की शब्द फिरत नाही. मोठेबाबांनाही मग गप्प बसावं लागलं. माझं सगळं आयुष्य त्या चिमूटभर हळदीवर जाऊन बसलं, आणि मला त्याचा आनंद झाला होता. मला निवडणार याबद्दल मला शंकाच नव्हती.

परीक्षा संपल्या आणि सरांनी काठ्या कपाटात घालून कुलूप लावलं. शाळेच्या वस्तू सुट्टीत घरी न्यायच्या नाहीत, असा मुख्याध्यापकांचा हुकूम होता. सरांना वाईट वाटलं. त्यांनी एक जुना, शिवण उसवलेला चेंडू माझ्या दप्तरात टाकला. "रोज सराव कर. चेंडू काठीला चिकटून राहिला पाहिजे. इकडून तिकडं, तिकडून इकडं." पुस्तकातलं एक चित्र त्यांनी मला दाखवलं. एक माणूस वाकून चेंडू हलवतोय. सरांनी स्वतः ते कधी करून दाखवलं नव्हतं, कारण त्यांना ते येत नव्हतं.

मी शहागडला गेले. त्या उन्हाळ्यात आमची मेंढरं तिथं गोदावरीच्या काठाला होती. काठची गाळाची मळी कसणाऱ्या एकाच्या रानात ती बसवली होती, म्हणजे रात्री त्याच्या रानात मेंढरं कोंडायची, त्याला खत मिळायचं, आम्हाला ज्वारी. वर हायवेचा पूल, त्यावरून ट्रकांची ये-जा, खाली आटलेली नदी आणि पात्रात घट्ट बसलेली ओलसर भुई. हॉकीला याहून चांगलं मैदान मी आजवर पाहिलेलं नाही.

काठी नव्हती. दादा म्हणाले, "काठीची काय काळजी करती गं माय? आपल्याला काय येतंय दुसरं?"

मी त्यांना वाळूत काठी काढून दाखवली. खाली कशी वळते, किती लांब असते, मुठीला कशी गुंडाळलेली असते. "आन एक बाजू चपटी असती, दादा. दुसरी गोल. चपट्या बाजूनंच मारायचं, असं सर म्हणतेत."

दादा चित्राकडं बराच वेळ बघत राहिले. मग बाभळीचा शोध सुरू झाला. बुंध्यापाशी आपसूक वळलेली फांदी त्यांना हवी होती. दोन दिवस ते मेंढरांमागं वर बघत हिंडले आणि एकदा काट्यात गेले. फांदी मिळाली. लेंड्यांच्या निखाऱ्यात ती शेकून, ओल्या पोत्यात दाबून, वर दगड ठेवून त्यांनी वाक आणखी वळवला. वाकसानं तासली, काचेच्या तुकड्यानं खरवडली, करडीचं तेल पाजलं. मुठीला मायनं लोकरीचा दोरा आवळून गुंडाळला. माय म्हणाली, "नवरदेवाची काठी बी इतकी सजवत न्हाईत." माय बायनाबाई, तिच्या तोंडात लग्नाशिवाय उपमा नसायची.

काठी हातात आली तेव्हा मी ती उलटसुलट करून पाहिली. दोन्ही अंगांनी चपटी होती.

"दादा, एक बाजू गोल असती."

"ठाव हाय." दादांनी काठी माझ्या हातातून घेतली. "आगं, ती कारखान्यात केल्ती. अर्धंच काम केलं त्यायनी. काठीला कुठं पाठ असती व्हय? मेंढरू डाव्या अंगानं फुटलं तर डाव्या अंगानं वळवावं लागतंय, उजव्यानं फुटलं तर उजव्या. तवा काय काठी फिरवीत बसतू का आपण? चपट्या बाजूनंच मारायचं म्हन्तेत ना तुजं सर? मंग कुठूनबी मार, चपटंच लागंल. बराबर हाय का न्हाई?"

बराबर होतं. इतकं बराबर होतं की मला हसू आलं. हे त्या कारखानेवाल्यांना कसं सुचलं नाही, असं मला खरंच वाटलं. माझ्या बापाच्या हुशारीचा मला अभिमान वाटला, आणि आजही मी कुणाला त्यावर हसू देणार नाही.

मग सुरू झाला सराव. सकाळी मेंढरं सोडायच्या आधी आणि दुपार कलल्यावर. दादा दरडीवर बसून चेंडू खाली सोडायचे, मी तो अडवायचे. पहिले काही दिवस तो माझ्या घोट्यावर बसायचा. मग तो काठीला लागून जागच्या जागी मरायला लागला. सर म्हणायचे तसा, उसळी न घेता. दादा "हां!" म्हणायचे. मग ढकलणं. काठी आणि चेंडू यांत फट ठेवायची नाही, आवाज न होता चेंडू निघाला पाहिजे. मग मारणं. आणि मग ते चित्रातलं, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

ते मला सगळ्यात छान जमायला लागलं. चेंडू पुढ्यात ठेवायचा, काठी नुसती चेंडूवरून पलीकडं टाकायची आणि परत अलीकडं. ही बाजू, ती बाजू, ही बाजू, ती बाजू. मनगट कुठं वळवायचं नाही की काही नाही. टपटप टपटप. वेग असा बसला की दादांना चेंडू दिसेना. मेंढरं पाणी प्यायला पात्रात उतरायची तेव्हा मी त्यांच्यामधूनच चेंडू काढत न्यायचे. एखादी म्हातारी मेंढी मान वर करून माझ्याकडं असं बघायची की जणू हिची सून पळून चाललीय. पुलावर ट्रक थांबवून ड्रायव्हर लोक बघायचे, कुणी शिट्टी मारायचं. दादा खालून त्याला तशीच शिट्टी द्यायचे. आमच्या जत्रेत पैलवानानं डाव मारला की असंच होतं. शिट्टी म्हणजे शाबासकी.

त्या दिवसांइतकी मी कधीच सुखी नव्हते. बाप दरडीवर, मी खाली, आणि दोघांनाही वाटतंय की आपण बरोबर चाललोय.

निवडीच्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं निघालो. दादांनी धुतलेलं धोतर, नवा पटका. माझ्या अंगात शाळेचा निळा स्कर्ट, पायात सरांनी सुट्टीआधी कुणाचे तरी आणून दिलेले कॅनव्हासचे बूट, पुढं कापूस कोंबलेले. काठी दादांनी मांडीवर आडवी धरली होती. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, मेंढरं कुठं ठिवली?" दादा म्हणाले, "पोरगी खेळाया चालली. जालन्याला." साऱ्या गाडीनं माना वळवून माझ्याकडं पाहिलं. नव्या जालन्यात स्टेशनपाशी उतरून विचारत विचारत आम्ही मैदानावर पोचलो.

निवडायला एक बाई होत्या. केस कापलेल्या, ट्रॅकसूट घातलेल्या, गळ्यात शिट्टी. सोबत दोन साहेब. आधी त्यांनी एकेकीला चेंडू अडवायला आणि ढकलायला लावलं. माझी पाळी आली. चेंडू वेगात आला आणि माझ्या काठीला लागून गप्प बसला. बाईंनी मान वर केली. आणखी एक दिला. तोही बसला. मी ढकलला तर तो गवताला चाटत सरळ खुणेवर. बाई त्या साहेबांना काहीतरी बोलल्या, आणि साहेबांनी माझ्याकडं नव्यानं पाहिलं. दादा लांब लिंबाखाली उकिडवे बसले होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पटका सारखा केला.

मग सामना लावला. चेंडू माझ्याकडं आला. समोर एक उंच पोरगी. मी काठी चेंडूवरून टाकली, ही बाजू, ती बाजू, आणि तिच्या बाजूनं सटकले.

शिट्टी वाजली.

लिंबाखालून लगेच दुसरी शिट्टी आली. दोन बोटं तोंडात घालून, गोदावरीच्या पात्रात वाजवायचे तशी. दादांची.

मैदानावर हशा पिकला. चेंडू समोरच्यांना देण्यात आला. मला काही कळेना. पुन्हा चेंडू माझ्याकडं आला, पुन्हा मी तेच केलं, पुन्हा बाईंची शिट्टी, आणि लिंबाखालून पुन्हा उत्तर. तिसऱ्यांदा त्या उंच पोरीनं मला सांगितलं, "अगं, पाठ लागतेय. पाठीमागच्या बाजूनं खेळायचं नसतं. फाउल असतो."

"दोन्हीकडून चपटी हाय माझी," मी म्हणाले.

ती हसली. म्हणाली, "चपटी असो नाहीतर चौकोनी."

तेव्हा मला समजलं. गोल बाजूनं चेंडू वाकडा जातो म्हणून ती लावायची नाही, असं नव्हतंच ते. ती मागची बाजू होती, एवढंच. खेळाचा नियमच होता तो. चेंडूच्या पलीकडं गेलं की मनगट फिरवून काठी उलटी करायची आणि तीच एक बाजू पुन्हा चेंडूला लावायची, हाच तर सगळा खेळ होता. आणि दीड महिना मी तेवढंच सोडून बाकी सगळं शिकले होते.

बाई आल्या. त्यांनी माझी काठी हातात घेतली, फिरवून पाहिली, अंगठ्यानं तासलेली बाजू चाचपली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आपली काठी मला दिली. "हिनं खेळ."

खरी काठी हातात आली आणि माझे हात परके झाले. वळव म्हटलं तर मनगट वळेना. वळवलं तर चेंडू निघून गेलेला. घाईत पुन्हा जुनंच झालं, गोल बाजू लागली, चेंडू बाजूला उडाला, शिट्टी. दादांनी उत्तर दिलं. मी मनात म्हणत होते, दादा, नका ना, दादा, गप बसा. पण इतक्या लांबून मनातलं कसं ऐकू जाणार? जितकी मी चुकत होते तितका माझा बाप खुश होत होता.

सामना संपल्यावर बाई मला कडेला घेऊन गेल्या. "तुझी नजर फार चांगली आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखं अडवणारी आज एकही आली नाही. पण मनगट वळत नाही. चुकीची सवय बसलीय. ही खरं तर पंधरा दिवसांत सुटेल अशी गोष्ट आहे. माझ्याकडं असतीस तर सोडवली असती. पण मला नावं आजच द्यायची आहेत, आणि जमत नाही तिला घेतली तर वरचे मला विचारतील. पुढच्या वर्षी ये म्हटलं असतं, पण तुझं वय..." त्या थांबल्या.

"बसणार न्हाई," मी म्हणाले.

तेवढ्यात दादा जवळ आले. चेहरा नुसता फुललेला. बाईंनी काठी उचलून विचारलं, "ही कुणी केली?"

"म्या!" दादा म्हणाले. "दोन्ही अंगांनी केली. कारखान्यातली एकाच अंगानं येती."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. माझ्या डोळ्यांत काय होतं कुणास ठाऊक, पण त्यांना ते वाचता आलं. "फार सुंदर केलीय," त्या म्हणाल्या आणि काठी त्यांनी दोन्ही हातांनी दादांकडं दिली. त्या बाईंचं नाव मला कधी कळलं नाही, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नावं वाचली. माझं नव्हतं. दादांना वाटलं राहून गेलं असेल. ते साहेबांकडं निघाले होते, मी हात धरला. "दादा, मी उंचीत न्हाई बसले."

"मंग शिट्ट्या कामून वाजवल्या इतक्या?"

"खेळ आवडला म्हणून."

"उंची," दादा म्हणाले. "उंची काय बापाच्या हातात असती व्हय?" स्टँडवर त्यांनी मला भजी खाऊ घातली. स्वतः खाल्ली नाहीत. परतीच्या गाडीत अंबड येईपर्यंत ते त्या उंचीच्या नियमाला शिव्या घालत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. रडायलाही चोरी होती.

मोठेबाबांनी दिवसाचाही उशीर केला नाही. शब्द तो शब्द. आषाढाच्या आधी सुपारी फोडायचं ठरलं, लग्न दिवाळीनंतर. दादांनी तोंड उघडलं नाही. भंडारा उचलला होता त्यांनी. मायनं मला जवळ घेऊन सांगितलं, "रान पाण्याखालचं हाय गं. उन्हातानात मेंढरामागं फिरायचं न्हाई तुला." ती मला समजावत होती, आणि तिचं काही चुकत होतं असंही नाही.

सुपारीच्या दिवशी दारापुढं सतरंजी टाकली होती. पाहुणे बसले होते, चहा झाला होता. मी आत पहिल्यांदाच नेसलेल्या साडीच्या निऱ्या सांभाळत उभी होते. अशात रामकिसन सर आले. ते सुट्टीभर गावाला होते. शाळा उघडली तशी त्यांना बातमी कळली, आणि आले ते घामाघूम, सायकलवर.

"शिवकन्या उंचीत बसली नाही म्हणे?" ते दारातूनच म्हणाले. "अहो, हॉकीत उंची कुठून आली? उंची कुणी मोजतं का तिथं?"

सर मनानं चांगले होते, पण त्यांच्या तोंडाला झाकण नव्हतं. मी आतून हातानं खुणावत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांची नजर गोठ्याच्या कुडाला टेकवलेल्या काठीवर गेली. त्यांनी ती उचलली. फिरवली. पुन्हा फिरवली.

"अरे देवा," सर म्हणाले. "हिनं खेळली पोरगी? अहो रायभान, ही दोन्हीकडून चपटी कशी केली? मागची बाजू चेंडूला लावायचीच नसते. लागली की चूक! लगेच शिट्टी वाजवतात." आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं असावं. ते खाली बसले. "माझंच चुकलं. का लावायची नाही ते मी पोरींना सांगायला पाहिजे होतं."

दादा पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"म्हंजी त्या शिट्ट्या..." ते म्हणाले.

दादांनी आत माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली, आणि तेवढं पुरलं.

मग दादांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा शब्द मोडला. सगळ्या पाहुण्यांदेखत मोठेबाबांपुढं हात जोडले. "भाऊ, पोरीत कमी न्हवतं. काठी माझी चुकली. एक साल थांबा. म्या सोता तिला घिऊन जातो, कुठंबी, पाया पडतो कुणाच्या."

"तिचं वय सरलं म्हणून आईकलंय म्या," मोठेबाबा म्हणाले. ते रागानं बोलले नाहीत. "आन भंडारा उचलला व्हता तू, रायभान."

दादांनी जोडलेले हात खाली घेतले. सर उठून निघून गेले. सुपारी फुटली.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा दादा मागच्या दारी आले. मी चुलीजवळ बसले होते. ते समोर उकिडवे बसले, लिंबाखाली बसले होते तसेच, पण त्या दिवशीचे दादा आणि हे दादा एक नव्हते. बराच वेळ ते काटकीनं राख उकरत राहिले.

"एक सांग, माय," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता. "ते हात वळवायचं जे असतं, ते शिकाया किती दिस लागतेत?"

बाईंचे शब्द माझ्या ओठांवर आले. पंधरा दिवस. पंधरा दिवस, दादा, आणि आपल्याकडं दीड महिना होता. पात्र होतं, चेंडू होता, तुम्ही होतात. एक बाजू गोल ठेवली असती तरी झालं असतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. सोळा वर्षांची होते मी, माझं सगळं गेलं होतं आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं. पण समोर तो माणूस बसला होता, आणि माझ्या उत्तरावर त्याचं पुढचं सगळं जगणं अवलंबून होतं.

"दिस कशाचे दादा," मी म्हणाले. "वर्सं लागतेत. शहरातल्या पोरी चौथीपासून शिकतेत ते."

"म्हंजी काठी चांगली असती तरी..."

"तरी न्हाई जमलं असतं."

त्यांनी काटकी चुलीत टाकली. खांदे थोडे सैल झाले. "मंग मोठंच काम म्हणायचं," ते म्हणाले, आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसून पाहुण्यांना वाढायला गेले.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले. बाहेर पंगतीत दादांचा आवाज येत होता, आग्रह करताना.

दादा असेपर्यंत कुणी विषय काढला की सांगायचे, "लई अवघड खेळ हाय त्यो. आमच्या शिवकन्यानं बिलकुल कसर ठिवली न्हाई, पर त्याला वर्सं लागतेत." मी शेजारी बसून मान हलवायचे. सासरी अंगण झाडताना खराटा हातात असायचा, समोर एखादं सीताफळ पडलेलं असायचं. एकदा मनगट वळवून बघावं असं कितीदा तरी वाटलं. बघितलं नाही. चार दिवसांत जमलं असतं तर माहेरी गेल्यावर मी दादांच्या तोंडाकडं कशी बघणार होते?